कुत्र्याचे अकस्मात दुखणे : रोग कळण्यापूर्वीचे कर्तव्य

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत कुत्रे हे शेतकऱ्याच्या संसाराचा एक घटकच होय. माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या तालुक्यांतील मेंढपाळ कळप घेऊन महिनोन्‌महिने फिरतीवर असतात, तेव्हा रात्री लांडग्यापासून मेंढरांचे रक्षण कुत्रीच करतात. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात रानातील वस्तीवर राहणाऱ्या कुटुंबास धोक्याची पहिली सूचना कुत्र्याकडूनच मिळते. हा जिव्हाळा आजकालचा नव्हे. साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुली येथे छत्रपती शाहू महाराजांच्या (निधन १७४९) खंड्या नावाच्या कुत्र्याचे स्मारक आहे. शिकारीच्या प्रसंगी त्याने महाराजांचे प्राण वाचविले, अशी आख्यायिका सांगितली जाते.

असे हे जनावर सायंकाळी धडधाकट असते आणि सकाळी जागचे उठत नाही. ते भाकरीला तोंड लावत नाही, तोंडातून लाळ गळते, मागचे पाय ओढत चालते किंवा त्यास झटके येऊ लागतात. घरातील माणसे घाबरून जातात. कोणी विष घातले म्हणतो, कोणी पान लागले म्हणतो, तर कोणी नजर उतरविण्यास सांगतो. वस्तुतः निरनिराळ्या रोगांची प्रारंभीची लक्षणे इतकी सारखी असतात की, अनुभवी पशुवैद्यासही रक्ताची तपासणी केल्यावाचून किंवा एक-दोन दिवस लक्षणे पाहिल्यावाचून निश्चित निदान सांगता येत नाही. परंतु निदान झाले नाही म्हणून मालकाने हातावर हात ठेवून बसावे असे नाही. रोग कोणताही असो, माणसांचे रक्षण, जनावराचे जतन आणि लक्षणांची नोंद ही तीन कामे पहिल्या तासापासून करता येतात. त्यांचा क्रमही हाच ठेवावा.

माणसांचे रक्षण

कारण न कळलेल्या प्रत्येक दुखण्यात प्रथम रेबीजची, म्हणजे कुत्रे पिसाळल्याची, शंका घ्यावी. बहुतेक वेळा ती खोटी ठरेल. पण ती खरी असेल आणि आपण ती घेतली नसेल, तर घरातील माणूस दगावतो. माणसामध्ये या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो.

पिसाळलेले कुत्रे अंगावर धावून येणारच, ही समजूत अपुरी आहे. या रोगाचा दुसरा प्रकार शांत असतो. त्यात खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, घास गिळता येत नाही, भुंकण्याचा आवाज बदलतो, कुत्रे अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन पडते व पुढे त्याचे पाय लुळे पडतात. ‘घशात हाडूक अडकले असेल’ असे समजून मायेपोटी मालक त्याच्या तोंडात हात घालतो, आणि नेमका तेथेच घात होतो. कुत्रे पाण्यास भिते की नाही, यावरूनही परीक्षा करू नये. पिसाळलेले कुत्रे पाणी पिण्याचा प्रयत्न करताना आढळते. चावा घेतल्यापासून रोग प्रकट होण्यास काही आठवडे ते काही महिने लागू शकतात. म्हणून ‘अलीकडे कोणी चावले नाही’ एवढ्यावर निश्चिंत राहू नये.

यास्तव आजारी कुत्रे मजबूत साखळीने, मोकळ्या हवेच्या पण स्वतंत्र जागी बांधावे किंवा खोलीत कोंडून ठेवावे. मुलांना व इतर जनावरांना त्याच्यापासून दूर ठेवावे. त्याची देखभाल एकाच प्रौढ व्यक्तीने करावी. पाण्याचे भांडे काठीने पुढे सरकवावे आणि लाळेस उघड्या हाताने स्पर्श करू नये.

गेल्या दहा दिवसांत ज्यांना हे कुत्रे चावले असेल, ज्यांना त्याचे दात वा नख लागले असेल, किंवा ज्यांच्या जखमेस, डोळ्यास अथवा तोंडास त्याची लाळ लागली असेल, त्यांची यादी करावी. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान पंधरा मिनिटे धुवावी. तीवर हळद, चुना किंवा तिखट लावू नये. त्यानंतर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. चावणारे कुत्रे निरोगी दिसत असेल तर त्यास दहा दिवस बांधून त्याच्यावर नजर ठेवण्याची पद्धत आहे. परंतु कुत्रे आधीच आजारी असेल तर लसीसाठी दहा दिवस थांबणे धोक्याचे होय. ज्यांनी केवळ भाकर घातली किंवा धडधाकट कातडीवरून ज्यांना कुत्र्याने चाटले, त्यांनी अंग स्वच्छ धुणे पुरेसे असते.

पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, या भीतीने खेड्यांत अजूनही काही लोक टाळाटाळ करतात. ती लस १९११ च्या सुमारास कसौली येथे तयार झाली होती व मेंढीच्या मेंदूपासून बनविली जाई. आपल्या देशात तिचा वापर केव्हाच बंद झाला आहे. आजची लस दंडात देतात. कातडीत देण्याच्या पद्धतीत पहिल्या दिवशी आणि त्यापुढे तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी मात्रा घ्याव्या लागतात. जखम खोल असल्यास जखमेत वेगळे औषधही द्यावे लागते. एकही मात्रा चुकवू नये.

कारणांचा माग

पशुवैद्य येईपर्यंत आपण रोग ओळखलाच पाहिजे असे नाही. तथापि आपल्या भागात व त्या ऋतूत काय संभवते, याची जाण असल्यास उपयुक्त माहिती देता येते.

तासगाव, पलूस, मिरज या द्राक्षपट्ट्यात फवारणीचे दिवस असतील तर विषबाधेचा विचार करावा. पुष्कळशा कीटकनाशकांच्या बाधेत लाळ व डोळ्यांतून पाणी वाहते, संडास-लघवी आपोआप होते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात व अंग थरथरते. यांपैकी कित्येक विषांवर उतारा उपलब्ध आहे, परंतु तो लवकर द्यावा लागतो. ऊसपट्ट्यात उंदरांसाठी ठेवलेले विषही कुत्र्याच्या पोटात जाते. त्याचे काही प्रकार तासाभरात परिणाम दाखवितात. रक्त न गोठू देणाऱ्या प्रकारात मात्र तीन-चार दिवसांनी नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येऊ लागते, आणि तोवर विषाची आठवणही राहिलेली नसते.

पावसाळ्यात बांधावर किंवा गवतात शिरलेल्या कुत्र्याचे थोबाड वा पाय एकाएकी सुजला असेल तर घोणस, फुरसे किंवा नाग यांचा दंश संभवतो. मण्यारीच्या दंशात सूज जवळजवळ नसते; जनावर हळूहळू लुळे पडत जाते. पाटण, जावळी, शिराळा या भातखाचरांच्या प्रदेशात डोळे पिवळे होणे व ताप येणे हे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरा जंतूंचेही लक्षण असू शकते. हा रोग कुत्र्याच्या लघवीतून माणसासही होतो.

मेंढरांबरोबर राहणाऱ्या कुत्र्यांस गोचीड-ताप विशेष आढळतो. त्यात सडकून ताप येतो, हिरड्या पांढुरक्या पडतात व कधी लघवी कॉफीच्या रंगाची होते. लस न टोचलेल्या पिलांमध्ये उलट्या व दुर्गंधीयुक्त रक्ताची हगवण हे पार्व्हो या विषाणूचे लक्षण समजतात. या विषाणूचा शोध १९७८ साली लागला. तो मातीत महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून त्याच जागी दुसरे पिलू लगेच आणू नये. नाका-डोळ्यांतून चिकट स्राव, खोकला आणि पुढे जबड्याचे व पायांचे आचके हा क्रम डिस्टेंपर या रोगात दिसतो.

चैत्र-वैशाखात धापा टाकीत कोसळलेल्या कुत्र्यास उष्माघात झालेला असतो. कारवानीसारख्या खोल छातीच्या कुत्र्याचे पोट नगाऱ्यासारखे फुगून उलटी येऊ पाहते पण येत नाही, तेव्हा पोटास पीळ पडलेला असू शकतो. अशा वेळी काही तासांतच शस्त्रक्रिया करावी लागते. पिले पाजणारी कुत्री थरथरू लागून ताठरली, तर तिच्या रक्तातील चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी झालेले असू शकते. योग्य इंजेक्शनाने ती बहुधा लवकर सावरते.

जनावराचे जतन

आजारी कुत्र्यास सावलीत व शांत जागी ठेवावे. उष्माघात असल्यास अंगावर गार पाणी ओतून वारा घालावा. अंगावर कीटकनाशक सांडले असल्यास हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने अंग धुवावे. सर्पदंशात दंशाची जागा कापू नये, चोखू नये व घट्ट बांधू नये. जनावरास चालविण्याऐवजी उचलून न्यावे. त्यासाठी घोंगडे पसरून त्यावर कुत्रे सरकवावे व चारी कोपरे धरून उचलावे. उलटी करणाऱ्या किंवा धापा टाकणाऱ्या कुत्र्याचे तोंड बांधू नये.

दूध, तूप, तेल, मिठाचे पाणी किंवा काढा बाटलीने घशात ओतण्याची रीत सर्वथा सोडावी. गिळता न येणाऱ्या जनावराच्या फुप्फुसात तो पदार्थ उतरतो, तुपातेलाने काही विषे अधिक शोषली जातात, आणि ओतणाऱ्याच्या हातास लाळ लागते ती वेगळीच. माणसाच्या तापाच्या व अंगदुखीच्या गोळ्याही देऊ नयेत. त्यांतील काही कुत्र्यास विषासमान ठरतात. गाईम्हशींचे गोचीडनाशक स्वतःच्या अंदाजाने कुत्र्यास लावणेही तितकेच घातक होय.

नोंद

मुक्या जनावराची हकीकत मालकालाच सांगावी लागते. घाबरलेल्या मनास ती नीट आठवत नाही, म्हणून ती कागदावर लिहून काढावी. कुत्र्याचे वय; लस टोचल्याची तारीख व कार्ड; शेवटचे अन्न केव्हा व काय खाल्ले; पहिले लक्षण कोणत्या वेळी दिसले व पुढे काय काय वाढत गेले; उलटी, संडास व लघवीचा रंग; गेल्या पंधरवड्यात शेतात, शेजारी किंवा तळावर कोणते औषध फवारले वा टाकले; गेल्या सहा महिन्यांत दुसऱ्या कुत्र्याशी किंवा कोल्ह्याशी झालेली झटापट; वस्तीतील इतर जनावरे आजारी आहेत काय, एवढ्या बाबी पुरेशा आहेत. झटका आल्यास तो किती मिनिटे टिकला ते पाहावे. घरी मोबाईल असल्यास दुरून चित्रण करावे. विषाचा संशय असल्यास डब्यावरील चिठ्ठी किंवा डबाच पिशवीत घालून सोबत न्यावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशी नोंद करण्यास मालकास हात दिला, तर निदानाचे निम्मे काम झाले असे समजावे.

जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात वर्दी द्यावी किंवा १९६२ या निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनी करावा. अवघड रोग्यास सातारा जिल्ह्यातच शिरवळ येथे असलेल्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेता येते. कुत्रे संशयास्पद रीतीने दगावल्यास पशुवैद्यामार्फत नमुने पुणे-औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे पाठविण्याची सोय आहे.

उपाय हरला तर

सर्व प्रयत्न करूनही काही कुत्री दगावतात आणि काहींच्या मृत्यूचे कारण कळत नाही. अशा वेळी दुःखाच्या भरात घाईने पुरून टाकू नये. प्रथम पशुवैद्यास कळवावे. रेबीजचे निश्चित निदान मृत्यूनंतर मेंदूच्या तपासणीनेच होते, आणि ते झाल्यास संपर्कातील माणसांच्या व चावलेल्या जनावरांच्या उपचाराची दिशा ठरते. प्रेत स्वतः फाडू नये. तपासणीनंतर ते विहीर व ओढा यांपासून दूर, चार-पाच फूट खोल खड्ड्यात पुरावे. जनावर असाध्य वेदनेत असल्यास त्यास शांत मरण देण्याचा सल्ला पशुवैद्य देतात. तो स्वीकारणे म्हणजे निर्दयपणा नव्हे. काठी-दगडांनी मारणे मात्र क्रूर आहे, आणि डोके फुटल्याने तपासणीही अशक्य होते.

घरातील मुले अशा प्रसंगी फार कष्टी होतात. त्यांना खोटे सांगू नये. कुत्र्यास कोणता त्रास होता, आपण कोणते उपाय केले व ते का पुरे पडले नाहीत, हे सोप्या शब्दांत सांगावे. मालकासही आपलीच हयगय झाली असे वाटत राहते. अनेक रोग इतक्या वेगाने वाढतात की, दक्ष माणसाच्या घरीही ते जनावर नेतात. वर सांगितलेली कामे ज्याने केली, त्याने आपले कर्तव्य केले असेच म्हटले पाहिजे.

राहिलेल्या जनावरांसाठी पुढचे पाऊल उचलावे. पिलास सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो व डिस्टेंपरच्या लसी, तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस, आणि त्यानंतर पशुवैद्याच्या सल्ल्याने दरवर्षी पुनरावृत्ती हा क्रम पाळावा. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो. त्या सुमारास ग्रामपंचायतींनी व कार्यकर्त्यांनी सर्व वस्त्यांवर, तसेच गावच्या शिवारात उतरलेल्या मेंढपाळांच्या तळांवर लसीकरण घडवून आणावे. फिरतीवरची कुत्री गावच्या यादीत नसतात, म्हणून ती नेमकी वगळली जातात. त्यांची आठवण कार्यकर्त्यांनीच ठेवली पाहिजे.