फिल्टर घेण्याआधी पाणी ओळखा

पाण्याचा हक्क म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले आणि त्याच दिवशी आपल्या माणसांनी त्या पाण्यापायी डोकी फुटेपर्यंत मार खाल्ला. आज पुष्कळ घरांत नळ आला आहे. पण त्या नळाचे पाणी पिण्याजोगे आहे का, हा प्रश्न उरलाच आहे. आणि नेमक्या याच प्रश्नावर आपल्या माता-भगिनींची फसवणूक होत आहे.

दुपारची वेळ असते. घरधनी कामावर, मुले शाळेत. टाय लावलेला एक तरुण दारात येतो. "मावशी, पाणी फुकट तपासून देतो," म्हणतो. एका पेल्यात नळाचे पाणी, दुसऱ्यात त्याने आणलेले यंत्राचे पाणी. दोन्हींत तो विजेच्या सळ्या बुडवतो. थोड्याच वेळात नळाचे पाणी तपकिरी, काळपट होते. दुसरा पेला तसाच स्वच्छ! "बघा, हे विष तुम्ही लेकरांना पाजता!" आईच्या पोटात गोळा येतो आणि हप्त्यावर यंत्र घरात येते.

खरा प्रकार काय असतो? त्या सळ्यांपैकी काही लोखंडाच्या असतात. नळाच्या पाण्यात थोडे क्षार असतात, म्हणून त्यातून वीज वाहते, लोखंड झिजते आणि पाण्याला गंजाचा रंग येतो. क्षार काढलेल्या पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते रंगत नाही. तो रंग विषाचा नव्हे, सळईचा! केसपुत्त गावी तथागतांनी कालामांना हीच तर शिकवण दिली. कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा. ती शिकवण फक्त विहारात ऐकायची आणि दारात आलेल्या विक्रेत्यापुढे विसरायची काय?

पाण्यातले दोष मुख्यतः तीन. पहिला गाळ, दुसरा रोगजंतू आणि तिसरा विरघळलेले क्षार. ज्या दोषाचे पाणी, त्या दोषाचे यंत्र.

नुसता गाळ असेल तर तुरटी फिरवून, निवळल्यावर कापडाने गाळणे पुरते. मात्र तुरटीने जंतू मरतीलच असे नाही. कँडलचा फिल्टर गाळ आणि बरेचसे जिवाणू अडवतो, पण विषाणू त्यातून निसटू शकतात. त्याची कँडल मऊ ब्रशने नुसत्या पाण्याखाली घासावी, साबण लावू नये. तडा गेली तर लगेच बदलावी. यू.एफ. म्हणजे बारीक छिद्रांच्या नळ्यांचा फिल्टर, साध्या यू.एफ.ला वीज लागत नाही. यू.व्ही. यंत्रातला दिवा जंतू निकामी करतो, पण त्याला वीज हवी आणि पाणी आधीच नितळ हवे. गढूळ पाण्यात त्याचा प्रकाश पोहोचत नाही. क्षार मात्र या तिन्हींपैकी कशानेच जात नाहीत. त्यासाठी आर.ओ. लागते. पण घरगुती आर.ओ. एक लिटर पाणी देताना बहुधा दोन-तीन लिटर मोरीत सोडते. ज्या वस्तीत पाण्यासाठी रांग लागते, तिथे हे परवडेल का? हप्त्यापाठोपाठ दरवर्षी फिल्टर बदलण्याचा खर्चही येतो, तोही आधीच विचारून घ्यावा.

मुंबईचेच पाहा. भातसा, तानसा, वैतरणा या तलावांचे बहुतांश पाणी भांडुप आणि पांजरापूर येथे शुद्ध होऊन येते. ते मुळातच कमी क्षारांचे असते. तिथे भीती असते ती गटारालगतच्या फुटक्या नळाची, म्हणजे जंतूंची. चांगली खळखळ उकळी येऊन एक मिनिट उकळलेले पाणी त्यावर उत्तम उपाय आहे. पैसे असतील तर यू.व्ही. घ्या.

याउलट अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पाणीच खारट. यवतमाळ, चंद्रपूरच्या कित्येक गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकाप्रमाणे पाण्यातले एकूण क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालतात. फ्लोराइड 1 मिलिग्रॅमपर्यंतच असावे आणि 1.5 च्या पुढे कदापि नको. फ्लोराइडला ना रंग, ना वास, ना चव. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, पुढे हाडे वाकतात. असे पाणी उकळून उपयोग नाही. वाफ उडते, फ्लोराइड तेवढेच राहते. इथे आर.ओ. उपयोगी आहे, किंवा दुसऱ्या सुरक्षित विहिरीचे पाणी.

विक्रेत्याच्या खिशातले टी.डी.एस. मीटर फक्त एकूण क्षारांचा अंदाज देते. त्यात जंतू दिसत नाहीत, फ्लोराइडही वेगळे कळत नाही. म्हणून नमुना प्रयोगशाळेत द्यावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. एका नळाचे पाणी सगळी वस्ती पिते, मग एकट्याने खर्च कशाला? पौर्णिमेला विहारात वर्गणी काढा, एक नमुना द्या आणि निकाल फलकावर लावा.

आणि कितीही महागडे यंत्र घेतले, तरी हात बुडवून पाणी काढले तर सारे व्यर्थ. माठाला तोटी बसवा किंवा लांब दांड्याचे ओगराळे ठेवा. झाकण विसरू नका.

भिक्खूंच्या अट्ठ परिक्खारांत चीवर, पात्र यांच्याबरोबर पाणी गाळायचे गाळणेही आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग येतो. वाटेत एका भिक्खूने मनात राग धरून सोबत्याला गाळणे दिले नाही आणि तो सोबती तहानेने मरण पावला. तेव्हा तथागतांनी नियम घातला, की प्रवासात कोणी गाळणे मागितले तर नाही म्हणू नये. आणि गाळणे नसेल तर चीवराच्या टोकानेही पाणी गाळता येईल. महाडला ज्यांनी आपल्याला पाणी नाकारले, त्यांच्या आणि आपल्यातला फरक हाच असला पाहिजे. आपल्या घरी चांगला फिल्टर असेल, तर शेजारच्या लेकराला एक तांब्या पाणी नाकारू नका.

जयभीम!