मॉडेमच्या माथी मारलेला दोष

नव्वदच्या दशकात घरून कचेरीचा डेटाबेस उघडणाऱ्यांनी मॉडेमला मनसोक्त शिव्या घातल्या. तो संथ होता, यात वाद नाही. पण माझ्या मते खरा आरोपी पलीकडच्या प्रोग्रॅमची बांधणी हाच होता.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. या कामाला मात्र इंटरनेट लागतच नसे. घरचा मॉडेम थेट कचेरीतल्या मॉडेमला फोन लावी. विंडोज एनटीची रिमोट अ‍ॅक्सेस सर्व्हिस तो उचले, पासवर्ड तपासे आणि तशी सोय करून ठेवलेली असली तर फोन ठेवून ठरलेल्या नंबरावर उलट फोन करी. पासवर्ड चोराच्या हाती लागला तरी घंटी वाजायची ती साहेबांच्याच घरी. शिवाय बिल कचेरीच्या नावावर!

१९९८मध्ये ‘५६ के’चं व्ही.९० मानक आलं. पण त्या वेगासाठी पलीकडचं टोक एक्सचेंजला डिजिटल जोडलेलं लागे. कचेरीतही साधाच मॉडेम असला, तर नव्या खरेदीचा वेग ३३.६वरच अडायचा.

आता गणित बघा. २८.८ केबीपीएसच्या मॉडेमवरून सेकंदाला जेमतेम तीन किलोबाइट येत. फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्रॅमची डीबीएफ फाइल सर्व्हरवर नुसती पडून असते. शोधाशोध करतो तो घरचा पीसी. इंडेक्स नसेल, तर एका ग्राहकाची बाकी बघायला २० एमबीची सगळी फाइल तारेवरून यायची. जवळपास दोन तास! तांब्याभर पाण्यासाठी अख्खी विहीर उपसण्यातला प्रकार. ओरॅकलच्या डेटाबेस सर्व्हरला तोच प्रश्न एसक्यूएलच्या एका ओळीत विचारता येई. शोध तिकडेच व्हायचा, घरी यायचं ते फक्त उत्तर. मॉडेम तोच, तारही तीच.

फॉक्सप्रोवाल्यांनी मग पीसीएनीव्हेअरचा आधार घेतला. कचेरीतला पीसी घरून चालवायचा. तारेवरून फक्त कळा आणि पडद्यावरचं चित्र जाणार. त्यासाठी तो पीसी रात्रभर चालू ठेवावा लागे, आणि साफसफाईला आलेल्याने बटण बंद केलं की खेळ खलास. मला सगळ्यांत शहाणं वाटतं ते १९८९चं लोटस नोट्स: डेटाबेसची प्रत घरीच ठेवायची, फोन लावून फक्त बदल अदलाबदल करायचे आणि फोन ठेवून निवांत काम करायचं.

कारण लाइन तुटायचीच. आतल्या खोलीत कुणी पॅरलल फोन उचलला तरी पुरे. ओरॅकल अर्धवट व्यवहार मागे घेई, पण आपलं गिऱ्हाईक गेल्याचं त्याला कळेपर्यंत त्या नोंदीवरचं कुलूप तसंच राही. फॉक्सप्रोत लिहिता लिहिता लाइन गेली, तर इंडेक्स बिघडण्याची धास्ती. मग सकाळी सगळ्यांना बाहेर काढून रीइंडेक्स.

२००४च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान वेग २५६ केबीपीएस ठरवला. त्या वेगाने तीच २० एमबीची फाइल अकराएक मिनिटांत घरी येऊ लागली, आणि प्रोग्रॅम बदलायचा विषय पुन्हा पुढे ढकलला गेला.