मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती?

आपल्या वडोदऱ्यातील अनेक मराठी घरांतली मुले अमेरिकेत आहेत. आई-वडील तिकडे जायला निघाले की पहिला प्रश्न असतो, प्रवास नक्की किती तासांचा? तिकिटावरच्या दोन वेळांची नुसती वजाबाकी करून याचे उत्तर मिळत नाही. ठरल्या वेळी गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर हा हिशोब आधीच करून ठेवावा.

अंतर : मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. भिंतीवरच्या नकाशात सरळ रेघ ओढली तर ती अरबस्तान आणि आफ्रिकेवरून जाते, पण जवळची वाट ती नव्हे. पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो उत्तर युरोपावरून, आइसलँडजवळून जातो. विमाने शक्यतो या वाटेच्या आसपास राहतात. मात्र एखाद्या देशाचे आकाश बंद असले की वळसा पडतो.

उड्डाणाचा वेळ : ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर सुमारे १४ तासांचे होते. पण वरच्या हवेत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. म्हणून जाताना थेट विमानाला साधारण १६ तास लागतात आणि येताना दीड-दोन तास वाचतात.

घड्याळाचा फरक : तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. हा बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. समजा, जूनमध्ये विमान मुंबईहून पहाटे २ वाजता सुटून सकाळी ८ वाजता पोहोचते. दिसतात ६ तास. त्यात साडेनऊ मिळवा, म्हणजे खरे साडेपंधरा तास. परतताना दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबई, असे दिसले तर २४ मधून साडेनऊ वजा करा. उरतात साडेचौदा.

लंडनमार्गे गेल्यास मुंबई-लंडन ७,२०० आणि लंडन-न्यूयॉर्क ५,५५०, म्हणजे एकूण अंतर जेमतेम अडीचशे किलोमीटरने वाढते. वेळ मात्र मधल्या मुक्कामामुळे चार-पाच तासांनी किंवा त्याहूनही अधिक वाढतो. पाय मोकळे करायला मिळतात हा त्यातला फायदा. दोन्ही विमाने एकाच पीएनआरवर असावीत, म्हणजे पहिल्याला उशीर होऊन पुढचे चुकले तर सोय कंपनीला करावी लागते.

घर ते घर : वडोदऱ्याहून बोरिवलीपर्यंत रेल्वेचे पाच-सहा तास, विमानतळावर तीन तास आधी पोहोचणे आणि तिकडे उतरल्यावर इमिग्रेशनची रांग धरली तर सव्वा दिवस होतो.

म्हणून आमची सूचना अशी : औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा. मनगटावरचे घड्याळ उतरेपर्यंत भारतीय वेळेवरच राहू द्या. मधल्या डोसांच्या वेळा आपल्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या.