वांगे, निखारे आणि हवेची खिडकी

चंपाषष्ठी झाली, की खानदेशात भरिताचे दिवस सुरू होतात. चातुर्मासात वांगी न खाणाऱ्या घरांतही या दिवशी खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवतात आणि मग थंडी संपेपर्यंत शेतोशेती भरिताच्या पार्ट्या रंगतात. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ही मोठी, हिरवट-पांढरी वांगी शेतात पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात. मग साल काढून ती लाकडी बडजीत ठेचायची.

जळगाव किंवा धुळे शहरात राहणाऱ्यांना शेत कुठले? ते अंगणात किंवा गच्चीवर कोळशाची शेगडी पेटवतात. पुष्कळदा ही शेगडी म्हणजे तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा असतो. वरचा पत्रा कापला, बाजूला चार भोके पाडली, की झाली शेगडी! या साध्या डब्यात चार-पाच सुधारणा करता करता ज्वलनाचा अख्खा धडा मुलांना कसा शिकवता येईल, ते आपण पाहू.

किती कोळसा पुरे?

आधी थोडे गणित. वांग्यात वजनाच्या सुमारे ९३ टक्के पाणीच असते. एक किलो वांगी २५ अंश सेल्सियसपासून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे २९० किलोज्यूल उष्णता लागेल. भाजताना त्यातले २०० ग्रॅम पाणी वाफ होऊन गेले असे धरू. त्यासाठी आणखी ४५० किलोज्यूल. एकूण झाले ७४० किलोज्यूल.

चांगल्या कोळशाच्या एका ग्रॅमपासून सुमारे ३० किलोज्यूल उष्णता मिळते. म्हणजे एक किलो वांगी भाजायला २५ ग्रॅम कोळसा पुरे! हा तर मूठभरही नाही. प्रत्यक्षात आपण याच्या कितीतरी पट कोळसा घालतो. मग उरलेली उष्णता जाते कुठे? काही पत्र्यातून बाहेर पडते, काही गरम हवेबरोबर वर निघून जाते आणि काही तर निर्माणच होत नाही. ही शेवटची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी.

अर्धवट जळलेला कोळसा

कोळसा म्हणजे मुख्यतः कार्बन. बारा ग्रॅम कार्बन पूर्ण जळून त्याचा कार्बन डायऑक्साइड झाला, तर ३९४ किलोज्यूल उष्णता मिळते. हवा अपुरी पडली आणि गाडी कार्बन मोनॉक्साइडपाशीच थांबली, तर मिळतात फक्त १११ किलोज्यूल. बाकीचे २८३ किलोज्यूल त्या वायूतच अडकून राहतात.

अंधारात निखाऱ्यांकडे पाहिले, तर त्यांच्यावर निळसर ज्योती नाचताना दिसतात. खालच्या थरात तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड वरची ताजी हवा मिळून जळत असतो. त्या ज्योती दिसल्या नाहीत, तर हा वायू जळतोच आहे अशी खात्री देता येत नाही. तो रंगहीन आणि गंधहीन आहे आणि विषारीही आहे. शेगडी सुधारायची म्हणजे मुख्यतः हवेची वाट सुधारायची, ती यासाठी.

डब्यातले बदल

पहिली सूचना डबा निवडताना. जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा पिंप घेऊ नये. जस्त तापल्यावर निघणारा धूर श्वासातून गेला, तर ताप आणि थंडी भरते. तेलाच्या डब्यावर बाहेरून रंग आणि आतून कथलाचा पातळ थर असतो. कथील २३२ अंशांनाच वितळते. म्हणून डबा आधी मोकळ्या जागेत, वाऱ्याच्या दिशेकडे उभे राहून, एकदा रिकामाच चांगला भाजून घ्यावा आणि गार झाल्यावर घासून काढावा.

*जाळी :* कोळसे तळाशी ठेवले तर त्यांच्यावर राख साचते आणि खालून हवा मिळत नाही. तळापासून तीन इंचांवर लोखंडी सळ्यांची जाळी बसवा. राख खाली पडेल, हवा वर येईल.

*खिडकी :* जाळीच्या खाली तीन इंच रुंद आणि दोन इंच उंच अशी एकच खिडकी कापा. तिच्यावर मागेपुढे सरकणारी पत्र्याची पट्टी बसवा. भट्टीचे तापमान कमीजास्त करण्याची किल्ली ती हीच. बाजूला आधीची भोके असतील तर ती मातीने लिंपून टाका. नाहीतर खिडकी बंद केली तरी हवा चोरवाटेने येतच राहील.

*अस्तर :* चिकणमातीत गव्हाचा बारीक भुसा कालवून निखाऱ्यांच्या उंचीपर्यंत आतून एक इंच जाडीचा लेप द्या. भुसा जळून गेला की मातीत बारीक पोकळ्या राहतात. त्यांत अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पत्राही लवकर जळत नाही. लेप सावलीत पूर्ण वाळू द्यावा आणि पहिला जाळ अगदी मंद ठेवावा. घाई केली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन लेप तडकतो.

*झाकण :* निखाऱ्यांपासून सहा-सात इंच उंचीवर वांग्यांसाठी दुसरी जाळी बसवा आणि वर जुने लोखंडी घमेले उपडे घाला. घमेल्याला मध्यभागी रुपयाएवढी दोन-तीन भोके हवीत. तापलेली हवा हलकी होते. तीनशे अंशांची हवा बाहेरच्या हवेच्या निम्म्याच वजनाची असते. ती वरच्या भोकांतून निघून जाते आणि तिच्या जागी खालच्या खिडकीतून नवी हवा ओढली जाते. म्हणून वरची भोके नेहमी उघडी ठेवावीत आणि खालची खिडकी सरकवावी.

झाकणाची ही युक्ती १९५२ साली अमेरिकेत शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन यांनी वापरली. त्यांच्या कारखान्यात पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांसाठी पत्र्याचे अर्धगोल बनत. त्यांनी खालच्या अर्धगोलात निखारे ठेवले, वरचा झाकण म्हणून घातला आणि दोन्हींना हवेसाठी भोके ठेवली. आज जगभर अंगणात दिसणाऱ्या गोल भट्ट्या त्याच घडणीच्या आहेत.

*आडोसा :* तापलेले निखारे हवेशिवायही, प्रारणाने, उष्णता फेकत असतात. निखारे सुमारे ६३० अंशांवरून ९३० अंशांवर गेले, तर हे प्रारण तिपटीहून अधिक होते. त्यामुळे वांग्याची साल करपते आणि गाभा कच्चा राहतो. साल काळी झाली की निखारे आणि वांगी यांच्यामध्ये जुना तवा सरकवून खिडकी अर्धी बंद करावी. आता उष्णता गरम हवेतून, सावकाश आणि सगळीकडून मिळेल. वांग्याला आधीच टोचे मारून ठेवावेत, नाहीतर आत कोंडलेली वाफ ते फोडते.

धुराची चव

कोळसा करतानाच लाकडातले धूर देणारे बहुतेक पदार्थ निघून गेलेले असतात. म्हणून कोळशावरच्या भरिताला शेतातली चव येत नाही. ती हवी असेल तर शेवटची पाच-दहा मिनिटे निखाऱ्यांवर तुरकाठ्यांचे किंवा पऱ्हाट्यांचे चार तुकडे टाकावेत. लाकडातल्या लिग्निनचे उष्णतेने विघटन होऊन ग्वायाकॉलसारखे सुगंधी पदार्थ तयार होतात. धूर पातळ, निळसर असावा. काळा, दाट धूर म्हणजे काजळी. त्यात घातक संयुगेही असतात. असा धूर दिसला की खिडकी थोडी उघडावी.

मोजून पाहू

बदल केल्याने फायदा झाला का, हे मुलांनाच ठरवू द्या. कोळसा वजन करून घ्या. भांड्यात एक लिटर पाणी उकळा. उकळी येताच उरलेले निखारे चिमट्याने दुसऱ्या डब्यात टाकून झाकण घट्ट लावा. हवा तुटली की ते विझतात. पूर्ण गार झाल्यावर पुन्हा वजन करा. एक लिटर पाण्याला २५ ते १०० अंशांसाठी ३१५ किलोज्यूल, म्हणजे साधारण साडेदहा ग्रॅम कोळसा लागायला हवा. समजा १०० ग्रॅम जळला, तर कार्यक्षमता झाली साडेदहा टक्के. हाच प्रयोग साध्या डब्यावर, मग जाळी बसवून, मग अस्तर लावून करा आणि आकडे फळ्यावर लिहा. कोणत्या बदलाने सर्वांत जास्त फरक पडला? मुलांचे आधीचे अंदाज काय होते? हा प्रयोग उघड्यावर आणि शिक्षकांसमोरच व्हावा.

खोलीत मात्र नाही

धुळ्यात काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो. भरीत झाल्यावर उरलेले निखारे दिसले, की शेगडी उबेसाठी खोलीत नेण्याचा मोह होतो. धूर तर मुळीच नसतो, मग भीती कसली?

इथे पुन्हा गणित करू. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा मावते. हवेत हजारात एक भाग कार्बन मोनॉक्साइड झाला, तरी तासा-दोन तासांत माणूस बेशुद्ध होऊन दगावू शकतो. एवढा वायू तयार व्हायला किती कार्बन लागेल? फक्त १४ ग्रॅम! हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. डोके दुखते, गरगरते, मळमळते. पण झोपलेल्या माणसाला हे कळतही नाही. आपली सुधारलेली शेगडीही याला अपवाद नाही. खिडकी बंद करून मंद केलेले निखारे तर हा वायू अधिकच सोडतात.

असा प्रसंग घडलाच, तर दारे-खिडक्या उघडून माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि ताबडतोब दवाखान्यात न्यावे. पण मुलांनी मनात ठेवायचे ते हे दोन आकडे. एक किलो वांगी भाजायला २५ ग्रॅम कोळशाची उष्णता पुरते आणि बंद खोलीत जीव घ्यायला १४ ग्रॅम कार्बन. ही गोष्ट त्यांनी घरी जाऊन सांगितली आणि एखाद्या घरातली शेगडी रात्री अंगणातच राहिली, तर धडा पूर्ण झाला असे म्हणता येईल.