मण्यांची वेल

आमच्या बेळगावच्या घरी, दिवाणखान्याच्या पूर्वेकडील खिडकीत एक वेल लोंबत असते. तिचे देठ शिवणाच्या दोऱ्याहून थोडेसेच जाड असतात आणि त्यांवर पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची जाडसर पाने जोडीजोडीने लागलेली असतात. पानावर रुपेरी नक्षी, पाठीवर फिकट जांभळी झाक. रोपवाटिकेत ती ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्‌स’ या नावाने मिळते. शहापूरच्या आमच्या मावशी मात्र तिला मण्यांची वेल म्हणत. देठाच्या पेरांवर वाटाण्याएवढे करडे मणी धरतात, त्यावरून हे नाव.

ही वेल मावशींनीच दिली. देताना म्हणाल्या होत्या, “आठ-दहा दिवस पाणी घालायला विसरलीस तरी चालेल गं तिला.” पुढे मावशी गेल्या आणि त्यांची खूण म्हणून आम्ही वेलीचे अधिकच लाड करू लागलो. शोभिवंत दिसावी म्हणून ती चिनी मातीच्या कुंडीत लावली. कुंडीला तळाशी भोक नव्हते. रोज सकाळी तुळशीला पाणी घातल्यावर तांब्यात उरलेले पाणी तिला मिळे. त्यात आषाढाची झड लागली. एके दिवशी देठ बुडाशी काळे पडलेले दिसले. कुंडी उपसली तर आतले कंद लिबलिबीत झाले होते. मावशींची एवढी एकच वस्तू आमच्यापाशी होती, आणि ती आम्हीच घालवली, या विचाराने जेवण गोड लागले नाही.

वाचवले ते मण्यांनी. टोकाकडचे देठ अजून ताजे होते. त्यांवरचे सात मणी आम्ही पेरासकट कापले, दोन दिवस सावलीत सुकू दिले आणि रेताड मातीत अर्धे दाबून ठेवले. महिना-दीड महिन्याने पाच मण्यांना कोंब आले. मणी म्हणजे देठावरचे छोटे कंदच; पाणी व अन्न त्यांत साठलेले असते. मातीचा स्पर्श झाला की ते मुळे धरतात.

ही सवय तिच्या मूळ प्रदेशाची आहे. १८८१ साली जॉन मेडली वुड यांना ती दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात खडकांवरून लोंबताना आढळली. तिच्या शास्त्रीय नावातील ‘वुडी’ हा शब्द त्यांच्यावरून आला. खडकाच्या फटीत मूठभर माती, पाऊस पडला की लगेच निचरा! अशा वेलीला रोजचा तांब्या कसा सोसावा?

आता आम्ही पसरट मातीची कुंडी वापरतो. बागेतली माती, जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे सारखे घेऊन त्यांत थोडे पालापाचोळ्याचे खत घालतो. पाणी घालण्यापूर्वी पान चिमटीत धरून पाहावे: टणक लागले तर थांबावे, मऊ पडून दुमडू लागले तर भरपूर घालावे व निथळू द्यावे. पावसाळ्यात आमच्याकडे तीन-तीन आठवडे पाणी लागत नाही. उजेड मात्र भरपूर हवा; तो कमी पडला की दोन पानांतले अंतर वाढते आणि वेल केविलवाणी दिसते. वरून विरळ झाली तर एखादा लांब देठ मातीवरच वेटोळून ठेवावा. पिठ्या ढेकूण दिसल्यास स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसून काढावा.

हिची फुले बोटाच्या पेराएवढी, बुडाशी फुगीर आणि टोकाला काळसर पाकळ्या जुळलेल्या. बारीक माश्या नळीत शिरतात, आतल्या केसांमुळे अडकतात आणि केस सुकले की पराग घेऊन बाहेर पडतात. हे फूल कुठेतरी पाहिल्यासारखे वाटेल, कारण आपल्या सह्याद्रीतली कंदीलपुष्पे हिच्याच गोतावळ्यातली. त्यांतल्या कित्येक जाती जगात इतरत्र कोठेही नाहीत आणि कंद खणून नेल्यामुळे काही फार दुर्मिळ झाल्या आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्या जतन करण्यासाठी मोठे कष्ट घेतले. तेव्हा आंबोलीकडे सहलीला गेल्यावर असा कंदील दिसला तर डोळे भरून पाहावा, पण कंदाला हात लावू नये. घरासाठी ही आफ्रिकेची पाहुणी आहेच.

गेल्या महिन्यात शेजारच्या सूनबाईंनी आमच्याकडे तीन मणी मागितले. दिले; सोबत तळाला भोक असलेली एक जुनी कुंडीही दिली.