टाचेचं हाड मोडलं, तर ऑपरेशनला थांबवतात का? अन् मांडीला पट्टा कशासाठी?

जळगाव/धुळे : शेळ्यांसाठी निंबाचा पाला तोडताना पाय सटकतो, कोणी धाब्यावरून खाली येतो. माणूस टाचांवर आदळला की टाचेचं हाड फुटतं. दवाखान्यात डॉक्टर सांगतात, "आठ-दहा दिवस थांबा." नातेवाईकांना वाटतं, मुद्दाम लांबवताहेत. पण त्याला कारण आहे.

टाचेच्या बाहेरच्या बाजूला कातडीखाली मांस जवळपास नसतं. तिथे रक्त बारीक नसांमधून पोहोचतं. मार लागला की पाय सुजतो, कातडी ताणली जाते, रक्त आणखी कमी पडतं. अशा कातडीवर चीर दिली तर कडा काळ्या पडतात, टाके उसवतात, पू होतो. म्हणून सूज उतरून कातडीवर सुरकुत्या दिसेपर्यंत, साधारण एक ते दोन आठवडे थांबतात. हाड कातडी फोडून बाहेर आलं असेल किंवा टाचेमागची कातडी पांढरी पडली असेल, तर मात्र लगेच दवाखाना गाठावा.

मांडीचा पट्टा

ऑपरेशनवेळी मांडीला बीपीच्या पट्ट्यासारखा हवेचा पट्टा बांधतात. त्याला टूर्निके म्हणतात. हवा भरली की खाली रक्त जात नाही आणि हाडाचे तुकडे डॉक्टरांना स्वच्छ दिसतात. पण तेवढा वेळ पाय उपाशी राहतो. म्हणून वेळ मोजतात आणि साधारण दोन तासांच्या आत पट्टा सोडतात. सोडल्यावर रक्त एकदम परत येतं, त्यानेही सूज येते. म्हणून काही डॉक्टर पट्टा थोडाच वेळ ठेवतात, काही लावतच नाहीत.

हे आधीच सांगा

सातपुड्याच्या पट्ट्यात, चोपडा, यावल, रावेर, शिरपूरकडे सिकलसेलचे रुग्ण आहेत. या आजारात ऑक्सिजन कमी पडला की रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि नसा तुंबतात. म्हणून घरात कोणाला सिकलसेल असेल, तर पट्टा लावण्याआधीच डॉक्टरांना सांगा. शुगर असेल, पायाला आधी गाठी झाल्या असतील, तेही सांगा. पडल्यानंतर कंबर दुखत असेल तर लपवू नका. टाचेबरोबर कधी मणकाही मोडतो.

घरच्यांच्या हातात काय?

पाय उशीवर उंच ठेवा. बिडी, सिगारेट, तंबाखू बंद करा. त्याने नसा आकसतात आणि जखम चिघळते. चोळणं, मालिश, शेक नको. आणि शेतात पाय मोडला म्हणून दोरीने करकचून बांधू नका. दवाखान्यातल्या पट्ट्याचा दाब आणि वेळ मोजलेली असते, दोरीची नाही.