दुरुस्तीचा प्रवास

नव्या मुंबईंत ऐरोली-महापेच्या संगणक-कचेऱ्यांतून एखाद्या पेढीच्या हिशेबी प्रोग्राममधील एकच ओळ बदलावयाची असते. परंतु ओळ लिहिली म्हणजे दुरुस्ती झाली, असें तेथें मानीत नाहींत. प्रथम त्या दुरुस्तीस क्रमांक मिळतो. मग 'नवी', 'काम चालू', 'तपासणी', 'चाचणी', 'मंजूर' आणि शेवटीं 'लागू' अशा पायऱ्या ती चढते. प्रत्येक पायरीवर ती कोणीं, केव्हां व कां पुढें धाडली याची नोंद राहते. सरकारी फाइलीचा प्रवास ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस यांत नवल वाटूं नये. भेद इतकाच कीं, चाचणींत दोष निघाल्यास ही फाइल तडक मागें फिरते, आणि त्यांत कोणाची मानहानि होत नाहीं. लिहिणारानेंच मंजुरी देऊं नये, हा दंडक मात्र कसोशीनें पाळावा लागतो.

जुन्यानव्या प्रती जपणारें 'गिट' हें साधन २००५ सालीं लिनस टोरवाल्ड्स यांनीं रचिलें. पण प्रत जपणें निराळें, तिची अवस्था जाणणें निराळें. अमेरिकेंतील नाइट कॅपिटल या दलाली पेढीस नवा प्रोग्राम आठ यंत्रांवर चढवावयाचा होता. एक यंत्र राहून गेलें, आणि दुसऱ्या कोणीं तें पडताळून पाहिलें नाहीं. १ ऑगस्ट २०१२ रोजीं बाजार उघडतांच त्या यंत्रांतील अडगळींत पडलेला जुना भाग जागा झाला व शेअरांचे भलतेच सौदे करूं लागला. सुमारें ४५ मिनिटांत पेढीचे ४६ कोटी डॉलरांहून अधिक बुडाले. 'लागू' हा शेरा यंत्रागणिक मारला जात असता, तर आठवें घर रिकामें दिसलें असतें.